मायचा शब्द येईपर्यंत

परवा सकाळी वंदना शेतातून आली आणि ओसरीत टेकली, तेव्हा तिची साडी गुडघ्यापर्यंत ओली होती. हरभऱ्यातून चालत आलं की दहिवर अंगाला लागतं, आणि त्या दहिवरात झाडाची आंब उतरलेली असते. जिभेला लावली तर लिंबासारखी झोंबते. बघता बघता सगळ्या ओसरीला तो आंबट वास लागला.

"घाटे भरले बरं," ती पदर पिळत म्हणाली. "आठ दिवसात हुळा भाजता येते."

घाटे, म्हणजे हरभऱ्याच्या शेंगा, डहाळ्यांसकट जाळावर भाजल्या की त्याला हुळा म्हणायचं. हा वास दर वर्षी येतो. लहानपणी तो आला की आम्ही पोरं शाळेच्या दप्तरात डहाळे कोंबून न्यायचो आणि वर्गात बाकाखाली टरफलांचा ढीग लावायचो. पण गेली तीन वर्षं वास नाकात गेला की माझा हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे जातो, खिसा चाचपतो, तो रिकामा आहे अशी खात्री झाली की खाली येतो. ही सवय मला एका हिवाळ्यानं लावली.

मी गुरांच्या सरकारी दवाखान्यात काम करतो. हुद्दा डॉक्टरच्या खालचा आहे, पण साखरखेर्ड्याच्या आसपासच्या गावांत मला सगळे डाक्टरच म्हणतात. आमचं गाव तिथून जवळच. गावाला लागून तीन एकर, त्यात सोयाबीन निघालं की हरभरा. घरात माय, बायको वंदना आणि मी. मुलगी शिकायला बाहेरगावी.

माय खामगावकडची, पिंपळगाव राजाची. लग्न होऊन इकडे आली त्याला पन्नास वर्षं होत आली, पण बोली तिकडचीच राहिली. आणि ती बोलायची फार. हरभऱ्याचे सोले सोलताना, लसूण निवडताना, दारातल्या तुळशीला पाणी घालताना तिचं बोलणं चालूच. त्याला ना सुरुवात, ना शेवट. कोणाची म्हैस व्याली, कोणाच्या पोरीला पाहुणे येऊन गेले, मागच्या साली याच दिवसात थंडी कशी होती. मी ओसरीच्या खांबाला टेकून फोनमध्ये डोकं घालून बसायचो आणि "हूं" म्हणायचो. ती दमली की मला पकडायची.

"गजू, अरे आपली गाय निंबावर चढली."

"हूं."

"वरून शेंगा पाडून राह्यली."

"हूं."

मग वंदना आतून खळाळून हसायची, मायही हसायची, आणि मी मान वर करून विचारायचो, "काय झालं?"

मी फोनमध्ये काय करायचो तेही सांगतो. एकदा गंमत म्हणून मी दूध चोरणाऱ्या गायीवर छोटासा व्हिडिओ केला. पान्हा का चोरते, काय करावं, दीड मिनिटात. तो कुठच्या कुठे गेला. मग दुसरा केला, मग तिसरा. बसमध्ये लोक विचारायला लागले, "तुमीच का ते गायीवाले?" लोणारच्या एका लग्नात नवरदेवाच्या बापानं हात धरून मांडवात फिरवलं. ते मला आवडलं, खोटं कशाला बोलू. सकाळी डोळे उघडायच्या आधी हात उशाखाली जायचा. रात्रीतून किती जणांनी पाहिलं, कोणी काय विचारलं, ते बघितल्याशिवाय पाय जमिनीला लागायचे नाहीत. गाय तपासताना मनात असायचं, हे कोणत्या बाजूनं चांगलं दिसेल. मुलगी सुटीत आली की म्हणायची, "बाबा, तुम्ही जेवताना ताटाकडे तरी बघा."

त्या वर्षी हरभरा असाच घाट्यावर आलेला. सकाळची वेळ. माय ओसरीत पाटावर बसून सोले सोलत होती, मी तिच्यापासून दोन हातांवर. नांदेडकडच्या कोणा शेतकऱ्यानं लिहिलं होतं, गाय एका बाजूला मान टाकून बसते, खात नाही. मी त्याला मोठं उत्तर लिहीत होतो. जनावर बोलत नाही, म्हणून त्याच्याकडे नीट पाहावं लागतं, डोळे बघा, कान बघा, कोणता पाय उचलायला जड जातो ते बघा. हे मी अंगठ्यानं लिहीत होतो आणि दोन हातांवर माय म्हणत होती, "गजू, माहा हात जड पडून राह्यला रे."

"हूं," मी म्हणालो.

ती पुढेही काहीतरी बोलली. ते काय होतं, मला माहीत नाही. नंतर बोलणं थांबलं आणि मला ते थांबल्याचंही कळलं नाही. उलट शांत वाटलं, उत्तर नीट लिहून झालं. मग वाटी लवंडल्याचा आवाज आला. हिरवे सोले ओसरीभर घरंगळले, माय भिंतीला कलली होती आणि तिचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं.

जालन्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "त्रास नक्की कधी सुरू झाला? शेवटचं नीट कधी बोलल्या?"

मी वंदनाकडे पाहिलं. त्यांनी परत विचारलं. असं एक इंजेक्शन असतं, ते म्हणाले, मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवणारं. पण ते सुरुवातीच्या काही तासांतच देता येतं आणि सुरुवात कधी झाली ते पक्कं माहीत असावं लागतं. नसेल तर धोका. मी आठवायला लागलो. हात जड पडल्याचं ती म्हणाली ते चहाच्या आधी की नंतर? दूधवाला येऊन गेल्यावर? माझ्या डोक्यात त्या सकाळचं काहीच नव्हतं. नांदेडच्या गायीचं सगळं होतं, ती किती वेताची, कोणत्या रंगाची, काय खाते. आईचं काही नव्हतं.

"तुम्ही घरी नव्हता का?" डॉक्टरांनी विचारलं.

"होतो," मी म्हणालो. "शेजारीच बसलेलो होतो."

त्यांनी पेन खाली ठेवलं. वंदना सकाळपासून शेतात होती, तिला काही सांगता येईना. इंजेक्शन दिलं नाही. दिलं असतं तर किती फरक पडला असता ते कोणीच सांगू शकत नाही, असं त्यांनी नंतर मला दोनदा सांगितलं. भला माणूस. पण त्या खोलीत मी जे उत्तर देऊ शकलो नाही, ते अजून माझ्यापाशी तसंच आहे.

बारा दिवसांनी माय घरी आली. उजवा हात लुळा, पाय ओढत चालणारा, आणि वाचा गेलेली. कळत तिला सगळं होतं. आपण बोललेलं समजायचं, डोळे तसेच चलाख, पण शब्द सापडायचा नाही. तोंड उघडायची, आत कुठेतरी शोधायची, मग "अ... अ..." असं करून डावा हात हवेत झटकायची. आमचं घर इतकं गप्प कधीच नव्हतं. चुलीतल्या तुऱ्हाट्या, तुरीच्या वाळक्या काड्या, तडतडल्या तरी ऐकू यायच्या.

दवाखान्यात बोलणं शिकवणारी एक तरुण ताई होती. तिनं मला समोर बसवून सांगितलं, "सर, घरी रोज तीन वेळा बसायचं, पंधरा-पंधरा मिनिटं. टीव्ही बंद, फोन दुसऱ्या खोलीत. त्यांच्या तोंडासमोर तोंड. एक वस्तू दाखवायची, नाव विचारायचं आणि थांबायचं. तुम्ही शब्द पुरवायचा नाही."

"किती वेळ थांबायचं?"

"शब्द येईपर्यंत."

"नाही आला तर?"

"तरी त्यांच्याकडेच बघायचं. तुम्ही वाट बघताय हे त्यांना दिसलं पाहिजे. नजर हलली की त्या सोडून देतील."

मला वाटलं, यात काय अवघड आहे. गाभण गायीजवळ मी तास तास उकिडवा बसलेलो माणूस. पण पहिल्याच दिवशी कळलं की आपल्याला एक मिनिटही जमत नाही. मायसमोर बसायचो, तांब्या दाखवायचो, "हे काय, माय?" ती शोधायला लागायची, आणि तेवढ्यात माझ्या अंगठ्याला खाज सुटल्यासारखं व्हायचं. फोन आतल्या खोलीत, पण मन उठून तिकडे जाऊन यायचं. मी मनात आकडे मोजायचो. आठ-नऊ झाले की राहवायचं नाही, "तांब्या, माय, तांब्या!" असं मीच म्हणून टाकायचो. तिचा चेहरा पडायचा.

पहिला शब्द आला तो माझ्यामुळे नाही. एका दुपारी गल्लीतलं कुत्रं ओसरीत शिरलं आणि दुधाच्या पातेल्याला तोंड लावायला लागलं. माय बाजेवर पडून होती. तिथून आवाज आला, खणखणीत, जुन्या मायचा, "हाड! मुडद्या!"

कुत्रं पळालं. मी नि वंदना एकमेकांकडे पाहतच राहिलो. मायही चकित झाली आणि मग रडायला लागली. ताईला फोनवर सांगितलं तर ती हसली. म्हणाली, "शिव्या, आकडे, वार, हे आधी येतं. जिभेला सवय असते ना. विचार करून बोलायचं ते उशिरा. आता वारांपासून सुरू करा."

मग मी म्हणायचो सोमवार, माय म्हणायची मंगळवार. मी बुधवार, ती गुरुवार. शनिवारवर अडकायची. सात वारांचा एक फेरा पुरा झाला की आम्ही दोघं घामेघूम.

हरभरा तेव्हा पिवळा पडायला लागला होता. मी त्यातले अजून हिरवे राहिलेले डहाळे आणून मायसमोर धरले आणि घाट्यावर बोट ठेवलं. "हे काय, माय?" या शब्दावर आम्ही चार दिवस होतो. त्या सकाळी तिचे ओठ पहिल्यांदा नीट जुळले. "घ," ती म्हणाली. मान ताणली, कपाळावर शीर उभी राहिली. "घ... घा..."

माझ्या खिशात फोन थरथरला. घाईघाईत बाहेर ठेवायचा राहिला होता. मी तो काढला नाही. हातही लावला नाही. फक्त डोळे क्षणभर खिशाकडे गेले.

वर पाहिलं तर तिचं तोंड मिटलं होतं. ती माझ्याकडे नुसती बघत होती. राग असता तर बरं झालं असतं. गर्दीत आपलं माणूस आपल्याला न बघता पुढे गेलं की जसा चेहरा होतो, तसा तिचा झाला. मग ती भिंतीकडे तोंड करून पडली. त्या दिवशी बसली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. वार म्हणून पाहिले, तरी ओठ हलवले नाहीत.

"तुमाले वाटते तुमी त्यांची वाट पाहून राह्यले," वंदना भाकरी थापता थापता म्हणाली. तिनं माझ्याकडे मान वळवली नाही. "त्याच तुमची वाट पाहून राह्यल्या. किती सालांपासून."

मी उठून मागच्या अंगणात गेलो, गव्हाच्या पत्र्याच्या कोठीपाशी उभा राहिलो. फोन हातात होता. शपथ वगैरे मी घेतली नाही, मला शपथांवर भरोसा नाही. इतकंच ठरवलं की हे काम आहे आणि आपण काम नीट करतो. जनावर अडलं तर आपण घड्याळ बघत नाही, इथेही बघायचं नाही. त्याच दिवशी साखरखेर्ड्याच्या बाजारातून साधा, बटणाचा फोन आणला, सिम त्यात टाकलं. दवाखान्यात साहेबांना सांगितलं, "आता मले फोन करत जा, ग्रुपवर टाकू नका." ते थोडे कुरकुरले. मोठा फोन कोठीत गव्हावर ठेवला आणि झाकण लावलं.

पहिले आठ दिवस वाईट गेले. कोणाला सांगायला लाज वाटते, पण मी दोनदा कोठीचं झाकण उघडलं. एकदा फोन हातातही घेतला, आणि वंदनाची चाहूल लागल्यावर गहू बघितल्यासारखं केलं. चित्त जागेवर राहायचं नाही, चिडचिड व्हायची. बाहेर किती लोक विचारत असतील, असं वाटायचं. मग हळूहळू लक्षात आलं की कोणी विचारत नाही. नांदेडच्या त्या गायीला तिथलाच कोणीतरी डॉक्टर भेटला असणार.

माय मात्र तिसऱ्याच दिवशी माझ्याकडे वळली. मी खिसे उलटे करून तिला दाखवले होते, लहान पोरासारखे. तिनं बराच वेळ त्या लोंबणाऱ्या खिशांकडे पाहिलं आणि डाव्या हातानं डहाळ्याकडे खूण केली. मी डहाळा धरला. या वेळी मोजलं नाही. तिच्याकडे पाहत राहिलो. आईचा चेहरा मी इतका वेळ कधी पाहिला होता? डाव्या भुवईत एक जुना व्रण आहे, तो मला पंचेचाळिसाव्या वर्षी दिसला. डोळ्यांच्या कडा फिकट निळ्या झाल्यात, तेही दिसलं. बाहेर कोणीतरी बैलाला हाकलत गेलं, ऊन उंबऱ्यावर चढलं, मी तिथेच होतो.

"घाटा," माय म्हणाली.

त्यानंतर शब्द रोज आले नाहीत. चार यायचे, दोन परत जायचे. 'मीठ'ला ती महिनाभर 'दूध' म्हणायची आणि स्वतःच कपाळावर हात मारायची. आम्ही दिवसातून तीनदा बसायचो, दवाखान्यात जायच्या आधी, दुपारी, आणि दिवेलागणीला. लग्नकार्य असो की पाहुणा, बैठक मोडली नाही. पुढे मी तिला गाडीवर माझ्या पुढ्यात बसवून शेतात न्यायला लागलो. बांधावर पोतं टाकून बसवायचो. तिथं शब्द लवकर सापडायचे. बोर, पळस, पाट, टिटवी.

सोंगणीच्या दिवशी बाया ओळीनं हरभरा उपटत होत्या, आंबेनं त्यांचे हात काळे पडले होते. आम्ही दोघं बांधावर. मी तिला सांगून टाकलं. "माय, त्या दिवशी तू म्हणाली होतीस हात जड पडून राह्यला. मी आयकलं नाई. मी हूं म्हणलं. डॉक्टरनं विचारलं तर मले वेळबी सांगता आली नाई." इतकं बोलताना माझीच वाचा गेल्यासारखी झाली.

ती काही शोधत होती. मी थांबलो. बायांची ओळ शेताच्या पार टोकाला जाईल, इतका तो वेळ मला वाटला. मग तिनं डावा हात माझ्या गुडघ्यावर मारला आणि म्हणाली, "बस."

पुरे म्हणून म्हणाली की खाली बस म्हणून, मला आजही ठाऊक नाही. मी दोन्ही केलं.

आता माय काठी धरून दारापर्यंत जाते. उजवा हात आला नाही, येणारही नाही. पण चार-पाच शब्दांचं वाक्य जमतं, मध्ये थांबून थांबून. मोठा फोन मी पुढे कोठीतून काढला. लागतो तो कामाला. आठवड्यातून एकदा लोकांना उत्तरंही देतो. पण घरात तो खिशात नसतो, आणि माय बोलत असली की मी हातातलं कामही ठेवून देतो. हे सोपं झालंय असं नाही. अजून रोज ठरवावं लागतं.

काल संध्याकाळी वंदनाला धीर धरवला नाही, तिनं आठ दिवस व्हायच्या आधीच हुळा भाजला. तुऱ्हाट्यांच्या जाळावर डहाळे टाकले, घाटे काळे पडून फुटायला लागले, राखेत हात घालून आम्ही वेचत होतो. माय ओंजळीतलं खाता खाता थांबली.

"म्हैस," ती म्हणाली.

मी हात झाडले आणि तिच्याकडे वळलो. पाऊण तास लागला. पिंपळगावला तिच्या बापानं म्हैस विकली. चौथ्या दिवशी म्हैस दावं तोडून एकटीच परत आली. माय तेव्हा दहा वर्षांची. तिनं कोणाला न सांगता म्हैस ज्वारीत लपवली आणि दोन दिवस तिला हिरवा हरभरा चारला. म्हशीचं पोट फुगलं, नगाऱ्यासारखं. तेव्हा पोर रडत बापाकडे पळाली. बाप मारेल असं वाटलं होतं. त्यानं मारलं नाही. म्हशीला तेल पाजलं, पोट चोळत, चालवत दुपारभर तिच्याजवळ राहिला. म्हैस वाचली. विकत घेणारे तिला न्यायला आले तेव्हा माय शिवेपर्यंत मागे गेली.

"तवा... मनात... घेतलं," माय म्हणाली. "मले... पोरगं झालं... तर त्याले... गुराचा... डाक्टर... करीन."

मला आजवर वाटायचं, मार्क कमी पडले म्हणून मी या लाईनला आलो.

"माय, हे तू कधी सांगतलं नाई मले."

वंदना राखेतून घाटा काढत होती. ती थांबली. "कधी नाई काय? माह्या लगनाच्या पहिल्याच साली सांगतलं. मंग दर साली, हुळा भाजला की. तुमी इथंच बसेल असता, बाप्पा."

पहिल्या साली तर माझ्याकडे तो फोन नव्हताच. तेव्हा मी कुठे होतो? पत्त्यांच्या डावात, रेडिओत, बदलीच्या काळजीत, कुठेतरी. फोनची आयती जागा मिळाली एवढंच, निघून जायची सवय आधीची.

मायचं तोंड राखेनं काळं झालं होतं. ती माझ्याकडे बघत होती, सांगून दमलेली आणि तरी खूश. मी पोतं ओढून अगदी तिच्यासमोर घेतलं.

"मग पहिल्यापासून सांग माय," मी म्हणालो. "म्हशीचं नाव काय होतं?"

तिनं डोळे मिटले. नाव शोधायला गेली. जाळ खाली बसला, वंदनानं अजून दोन तुऱ्हाट्या मोडून टाकल्या, आणि आम्ही दोघं थांबलो.